रिकाम्या पट्ट्यावर ३८ कॅलरी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या आरोग्य पुरवणीत ‘अर्ध्या तासात किती कॅलरी जळतात?’ अशी चौकट होती. ट्रेडमिल, सायकल, झुंबा, दोरीच्या उड्या, वजनं उचलणं, आणि प्रत्येकापुढे एक आकडा. आमच्या घरी ती चौकट कापून फ्रिजवर लावली गेली. दोन दिवसांनी मी ती काढली. का काढली, ते सांगायला हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबेल. जागेअभावी काटछाट करावी लागली तर माझ्याविषयीचं खुशाल काढा, मोजमापाचं तेवढं ठेवा.

मी ३१ वर्षं वैधमापन खात्यात निरीक्षक होतो. जुने दुकानदार त्याला अजून ‘वजनमापे’च म्हणतात. लालबागच्या मिरची गल्लीत मसाल्याच्या दुकानात शिरलो की माझा हात आधी वजनाच्या पोटाखाली जायचा. लोखंडी वजनाला तिथे भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर पडताळणीचा शिक्का मारतात. पेट्रोल पंपावर पाच लिटरचं माप भरून घ्यायचं, समपातळीवर ठेवायचं आणि मानेवरच्या खुणेच्या रेषेत डोळा आणून वाचायचं. पाच लिटरमागे २५ मिलिलिटर, म्हणजे अर्धा टक्का, एवढीच चूक चालते. त्यापलीकडे गेलं की पंप बंद. या कामाने एक सवय अंगात मुरली. आकडा दिसला की तो कोणी, कशाने मोजला आणि तो किती चुकू शकतो, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

आमची चाळ पाडून तिथे इमारत उभी राहिली. तिच्या पोडियमवर सोसायटीची छोटी जिम आहे. दोन ट्रेडमिल, एक सायकल, एक क्रॉस ट्रेनर, डंबेल्सचा रॅक. माझी पत्नी ६१ वर्षांची, वजन ५८ किलो, नऊ वर्षांपासून मधुमेह. गेल्या सप्टेंबरात डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. बाहेर पाऊस, फुटपाथवर पाय ठेवायला जागा नाही, म्हणून ती जिममध्ये जाऊ लागली. लेकीने कौतुकाने मनगटावरचं घड्याळ आणून दिलं आणि फोनवर त्याचं ॲप टाकून दिलं.

रोज अर्धा तास, ताशी ४.५ किलोमीटर वेगाने ती चालायची. ट्रेडमिलचा पडदा ११५ कॅलरी दाखवायचा. घड्याळ १८० ते १९०. बाई एक, वेळ एक, चालणं एक, आणि आकडे दोन. हा फरक तिने मला पहिल्याच आठवड्यात दाखवला होता. आणि मी, ज्याने जन्मभर हेच काम केलं, तो ‘घड्याळ नवीन आहे, तेच बरोबर असेल’ असं म्हणून मोकळा झालो. त्याची टोचणी मला आजही आहे.

ॲप रोज संध्याकाळी तिला सांगायचं, ‘आज तुम्ही आणखी १८६ कॅलरी खाऊ शकता.’ तिने पाकिटावरच्या कॅलरी वाचल्या, हिशेब जुळवला आणि चहाबरोबर राजगिऱ्याचे दोन लाडू घ्यायला सुरुवात केली. यात जिभेचे चोचले नव्हते. तिला वाटलं, आपण कमावलंय तेवढंच खातोय.

फेब्रुवारीत तपासणी केली. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारा आकडा, ७.१वरून ७.८वर गेलेला, वजन दीड किलोने वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, ‘काय बदललं?’ तिला वाटलं होतं शाबासकी मिळेल. परत येताना बस स्टॉपवर ती एवढंच म्हणाली, ‘अहो, मी एक दिवससुद्धा चुकवला नाही हो.’ सगळा दोष आकड्याचा, असं मी म्हणत नाही. मधे दिवाळी होती, दोन लग्नं होती, वयही वाढतंच. पण ते लाडू रोजचे होते आणि ते त्या आकड्याच्या भरवशावर होते.

दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही, मोजपट्टी आणि खडू घेऊन जिममध्ये गेलो.

पहिली तपासणी अगदी साधी. काट्यावर काही नसताना काटा शून्य दाखवतो का, हे पाहिल्याशिवाय आम्ही पुढे जात नसू. ट्रेडमिल सुरू केली, वेग ४.५ ठेवला आणि दोन्ही पाय बाजूच्या कडांवर ठेवून उभा राहिलो. पट्टा मधून मोकळा फिरत होता. त्याचा जोड दर फेरीला पुढच्या रोलरवरून जाताना ‘टक’ असा आवाज करायचा. पडद्यावर लाल आकडे चढू लागले. ३, ४, ५. सकाळचा ट्रेनर मुलगा काळाचौकीचा आहे, भला आहे. तो जवळ येऊन म्हणाला, ‘काका, चालत का नाही? पाय दुखतोय का?’ मी त्याला पडदा दाखवला. आम्ही दोघे दहा मिनिटं तिथे उभे राहिलो. पट्ट्यावर माणूस नाही, पिशवी नाही, काही नाही. दहाव्या मिनिटाला आकडा आला ३८.

त्या पोराचा चेहरा पडला. रोज पन्नास माणसांना तो हा आकडा वाचून दाखवतो, ‘मस्त काकू, आज शंभरच्या वर!’ म्हणतो. त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं की यंत्र माणसाला मोजत नाही, पट्ट्याचा वेग आणि वेळ मोजतं आणि बाकीचं गृहीत धरतं.

काय गृहीत धरतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. सुरुवातीला यंत्र वजन विचारतं, पण सगळे सरळ हिरवं बटण दाबून चालायला लागतात. मी आधी ७० किलो भरलं: दहा मिनिटांत ३८. म्हणजे वजन न भरता येतं तेवढंच. ५८ भरलं: ३२. ९० भरलं: ४९. थोडक्यात, वजन न सांगणारा प्रत्येक जण त्या यंत्राच्या लेखी ७० किलोचा. आमच्या मजल्यावरची बारावीतली मुलगी आणि तिचे आजोबा, दोघेही.

हे गणित गुप्त नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनचं समीकरण व्यायामशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शिकवतात. सपाट पट्ट्यावर मिनिटाला जितके मीटर चालाल त्याच्या दहाव्या हिश्शाइतके मिलिलिटर ऑक्सिजन, दर किलो वजनामागे. त्यात बसल्या जागी लागतो तो ३.५ मिलिलिटर मिळवायचा. एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ५ किलोकॅलरी खर्च होतात (आपण बोलताना ज्याला कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरीच). ताशी ४.५ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ७५ मीटर. तेव्हा ७.५ अधिक ३.५, एकूण ११. पत्नीच्या ५८ किलोला मिनिटाला ६३८ मिलिलिटर, म्हणजे अर्ध्या तासाला साधारण ९६ कॅलरी.

पण यातला ३.५चा भाग ती सोफ्यावर बसून मालिका पाहत असती तरी खर्च झालाच असता. तो रोजच्या हिशेबात आधीच धरलेला आहे. चालण्यामुळे जो जास्तीचा खर्च झाला तो फक्त ७.५चा. त्याचे होतात ६५. घड्याळाने दिले १८६, ॲपने खायला परवानगी दिली १८६ची, आणि तिच्या पायांनी खरोखर वरचे खर्च केले ते सुमारे ६५. हा फरक वहीत लिहिताना माझा हात थांबला.

त्या ६५लासुद्धा अजून गळती आहे. जिममधले निम्मे लोक पुढची दांडी धरून चालतात. दांडी धरली की शरीराचा थोडा भार हातांवर जातो आणि पायांचं काम कमी होतं. पडद्याला याची खबर नाही. शिवाय वेग. मी पट्टा मोजला, २.९० मीटर भरला. त्यावर खडूची रेघ मारली, मी स्वतः (७८ किलो) वर चालत राहिलो आणि ट्रेनरने तीन मिनिटं रेघ मोजली. ७२ फेऱ्या. मिनिटाला २४, म्हणजे ६९.६ मीटर. ताशी ४.५ म्हणवणारा पट्टा माणूस चढल्यावर ताशी साधारण ४.२ने फिरत होता. सात टक्के कमी. पंपावर मला असा फरक सापडला असता तर त्या नोझलमधून पुढचा थेंब निघाला नसता. शेजारची ट्रेडमिल मात्र चोख निघाली, हेही नोंदवतो.

दुकानातल्या किलोला वंशावळ असते. दुकानदाराचं वजन आमच्या कामकाजी प्रमाणाशी, म्हणजे निरीक्षकाकडच्या अधिकृत वजनाशी, ताडून पाहतात, ते त्याच्या वरच्या प्रमाणाशी, तेही आणखी वरच्याशी, आणि असा धागा शेवटी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत ठेवलेल्या ५७ क्रमांकाच्या किलोपर्यंत, म्हणजे मूळ किलोच्या भारताकडच्या प्रतीपर्यंत, पोहोचतो. २० मे २०१९पासून किलोची व्याख्या धातूच्या दंडगोलावरून प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या अंकावर, गेली, तरी ही साखळी तुटलेली नाही. म्हणून मी जिमच्या कॅलरीचीही वंशावळ शोधायला बसलो. लेकीने इंग्रजी निबंध उतरवून दिले, शब्दकोश घेऊन वाचले.

आपण छापली तशा बहुतेक कोष्टकांचं मूळ एका मोठ्या यादीत आहे. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९९३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली. पुढे २०००, २०११ आणि २०२४ साली ती सुधारली. प्रत्येक हालचालीला त्यात ‘मेट’ हा अंक दिलेला आहे. स्वस्थ बसणं म्हणजे १ मेट, आणि बाकी सगळं त्याच्या पटीत. २०११च्या यादीत सूर्यनमस्कारसुद्धा आहेत, ३.३ मेट. यादी मोठ्या कष्टाने केलेली आहे आणि तिच्या कर्त्यांनीच स्वच्छ सांगून ठेवलंय की एकेका माणसाचा नेमका खर्च काढण्यासाठी ती नाही. लोकांच्या हालचालींची पाहणी करताना वर्गवारी सगळीकडे सारखी व्हावी, यासाठी ती आहे. हे वाक्य यादीबरोबर प्रवास करत नाही. आकडे तेवढे जिमच्या भिंतीपर्यंत आणि वर्तमानपत्राच्या चौकटीपर्यंत येऊन पोहोचतात.

आणि १ मेट म्हणजे काय? किलोमागे मिनिटाला तोच ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन. हा अंक एका माणसावरून आलेला आहे: ४० वर्षांचा, ७० किलोचा एक पुरुष. २००५ साली न्युआला बर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७६९ माणसांचा विश्रांतीतला ऑक्सिजन प्रत्यक्ष मोजला. सरासरी आली २.६च्या आसपास. म्हणजे ३.५ हा अंक सरासरी ३५ टक्क्यांनी जास्त. माझ्या पत्नीचा ६१व्या वर्षीचा घाम एका चाळिशीतल्या परक्या पुरुषाच्या मापाने मोजला जात होता, आणि यंत्रात आयतं भरून ठेवलेलं वजनही त्याच ७० किलोचं. मापात खोट असली की ती नेहमी कोणाच्या तरी पदरात पडते. या मापात ती बुटक्या, हलक्या, वयस्कर बायकांच्या पदरात पडते. म्हणजे आपल्याकडे जिला डॉक्टर पहिल्यांदाच ‘व्यायाम करा’ सांगतात, नेमक्या तिच्या.

इथे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम आठवतं. २००४ साली त्यांनी आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे फोटो छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा अंक, अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांच्यात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. आपल्या लोकांत तेवढ्याच वजनात स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे त्यांनी स्वतःच्या देहावर दाखवून दिलं. स्वस्थ बसलेलं असताना चरबीपेक्षा स्नायू जास्त ऊर्जा वापरतात. ट्रेडमिलने वजन विचारलं आणि आपण खरं सांगितलं, तरी त्या किलोंमध्ये काय भरलंय हे तिला कसं कळणार?

आता घड्याळाकडे येतो, कारण लोकांचा खरा विश्वास त्याच्यावर आहे. त्वचेवर टेकलेलं, खालून हिरवा उजेड टाकणारं, त्यामुळे ते शरीराच्या आत पाहतं असं वाटतं. २०१७ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ६० जणांच्या मनगटांवर सात प्रकारची उपकरणं बांधून त्यांना चालायला, पळायला, सायकल चालवायला लावलं. हृदयाचे ठोके सातपैकी सहा उपकरणांनी ५ टक्क्यांच्या आतल्या चुकीने मोजले. चांगलंच म्हणायचं. कॅलरीच्या बाबतीत सर्वांत बरं उपकरण सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. ती मॉडेलं आता जुनी झाली, मान्य. पण अडचण पद्धतीतच आहे. घड्याळ ठोके मोजतं, हाताची हालचाल मोजतं आणि त्यावरून कॅलरीचा अंदाज बांधतं. ठोके कॅलरीशिवायही वाढतात. एप्रिलमध्ये आमच्या जिमचा एसी चार दिवस बंद होता. त्याच वेगाला, तेवढ्याच वेळाला पत्नीच्या घड्याळाने १८६ऐवजी २१४ दाखवले. जास्तीचं काम तिने काहीच केलं नव्हतं, मुंबईच्या उकाड्याने केलं होतं. माझं उलट. मला रक्तदाबासाठी मेटोप्रोलोल चालू आहे, त्याने ठोके दबलेले राहतात. मी तिच्यापेक्षा २० किलोने जड, तरी माझी माहिती भरून तेच घड्याळ बांधलं आणि तिच्याच वेगाने चाललो तर ते मला तिच्याइतक्याही कॅलरी देत नाही.

वजनं उचलण्याविषयी तर बोलायलाच नको. हातात पाच किलोचा डंबेल आहे की पंधरा किलोचा, हे मनगटाला कळायचा मार्ग नाही. मूठ आवळली, श्वास रोखला की ठोके वाढतात, पण ऑक्सिजनचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही. आपल्या चौकटीत ‘वजनं उचलणं’ असं एकाच ओळीत लिहिलंय. दोन सेटमध्ये पाच मिनिटं फोन पाहणारा आणि अर्धं मिनिट थांबणारा, दोघांचा हिशेब एकच कसा?

खरं मोजायचं तर कसं मोजतात, हेही सांगायला हवं, नाहीतर मोजताच येत नाही असा समज होईल. मोजता येतं, आणि फार पूर्वीपासून. १७८० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हॉझिएने बर्फाने वेढलेल्या भांड्यात गिनीपिग ठेवून त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते पाहिलं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेत विल्बर ॲटवॉटरने माणसाला दिवसेंदिवस राहता येईल अशी बंद खोली केली, तिच्यातून बाहेर येणारी उष्णता आणि श्वास मोजला. आज प्रयोगशाळेत तोंडावर मुखवटा लावून आत किती ऑक्सिजन गेला आणि बाहेर किती कार्बन डायऑक्साइड आला ते मोजतात. १९४९ साली वीर नावाच्या शास्त्रज्ञाने दिलेल्या सूत्राने त्याची कॅलरी काढतात. मुखवटा नाही, श्वास नाही, तर मोजमापही नाही. मग उरतो तो अंदाज. अंदाजाला मी कमी लेखत नाही, फक्त त्याने मापाचा शिक्का लावून फिरू नये.

जिममधलं एक यंत्र मला प्रामाणिक वाटलं, ते म्हणजे वॅट दाखवणारी सायकल. तिच्यात पेडलवर झालेलं काम खरोखर मोजता येतं. तासभर १०० वॅट म्हणजे ३६० किलोजूल, कॅलरीत साधारण ८६. स्नायू मिळालेल्या ऊर्जेचा २० ते २५ टक्केच भाग पेडलपर्यंत पोहोचवतात, बाकीची उष्णता होते. म्हणून शरीराचा खर्च ३५० ते ४३०च्या दरम्यान. इथेही अंदाज आहे, पण तो कुठून कुठपर्यंत जातो ते माहीत आहे. आमच्या सोसायटीची सायकल वॅट दाखवत नाही. पुढच्या सभेत मी तो मुद्दा मांडणार आहे.

यंत्रं फेकून द्या असं मला मुळीच म्हणायचं नाही. आमच्या धंद्यात दोन तऱ्हेचे चुकीचे काटे असत. एक रोज तेवढाच चुकणारा, दुसरा दर वेळी वेगळा चुकणारा. पहिल्यावर निदान कालच्याशी आजची तुलना करता येते. तीच ट्रेडमिल, तेच भरलेलं वजन, दांडी न धरता, तर मागच्या महिन्यापेक्षा या महिन्यात जास्त चाललो की नाही हे कळेल. तेवढ्यासाठी मिनिटं आणि वेगही पुरतात. पण त्या आकड्यावर ताटातला पदार्थ ठरवू नये. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२०च्या शिफारशींत ५५ किलोच्या बैठं काम करणाऱ्या स्त्रीची दिवसाची गरज १६६० किलोकॅलरी धरली आहे. त्यापुढे ६५ म्हणजे चार टक्के. एवढ्याशा रकमेवर उसनवारी करता येत नाही. त्यातही मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्ट्झर यांनी टांझानियातल्या शिकार करून राहणाऱ्या हाड्झा लोकांवर केलेलं काम (२०१२) सांगतं की दिवसभर पायपीट करणाऱ्या त्या माणसांचा एकूण खर्च, देहाच्या आकाराचा हिशेब केला तर, शहरी पाश्चात्त्यांपेक्षा वेगळा निघाला नाही. शरीर दुसरीकडे काटकसर करतं.

आणि व्यायामाचं मोल कॅलरीत बसवायचंच कशाला? चाललेल्या स्नायूंमध्ये साखर सहज ओढली जाते, रक्तदाब सुधारतो, रात्री झोप लागते. पत्नीच्या गुडघ्यांची सकाळची कुरकुर कमी झाली, हे पडद्यावर कुठेच येत नाही.

मधुमेही वाचकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. इन्सुलिन किंवा काही ठरावीक गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामानंतर खाली जाऊ शकते आणि त्यांना खरोखरच काही खावं लागतं. त्यांनी माझं पत्र वाचून खाणं बंद करू नये. कधी, किती खायचं ते ग्लुकोमीटर पाहून आणि आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं. कॅलरीच्या पडद्याला विचारू नये, इतकंच.

मला कायदा माहीत आहे. जिममध्ये कॅलरी तोलून विकली जात नाही, म्हणून माझ्या जुन्या खात्याला तिथे शिरता येत नाही. पण भाजीवाल्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरसुद्धा एक छोटी पाटी असते. तिच्यावर जास्तीत जास्त वजन किती, कमीत कमी किती आणि ‘ई’ म्हणून पडताळणीचा टप्पा किती, हे छापलेलं असतं. दोनशे ग्रॅम कोथिंबीर-मिरचीला जी शिस्त आहे, ती हजारो रुपयांच्या घड्याळाला का नसावी? कंपन्यांनी आपला आकडा किती टक्के इकडेतिकडे होऊ शकतो ते पडद्यावरच लिहावं. ‘१८६’ असा शेवटच्या एककापर्यंतचा आकडा दाखवू नये. शेवटचा ६ पाहिला की माणूस समजतो, कोणीतरी मोजून दिलंय. आणि ॲपने ‘आणखी खाऊ शकता’ हे वाक्य काढून टाकावं.

आमच्या सोसायटीपुरतं आम्ही करून पाहिलं. ट्रेनरने दोन्ही ट्रेडमिलवर कागद चिकटवला: ‘आधी आपलं वजन भरा. दांडी धरू नका. कॅलरीचा आकडा अंदाजाचा आहे, त्यात बसल्या जागीचा खर्चही धरलेला आहे. त्यावरून खाणं ठरवू नका.’ संथ पट्ट्याची दुरुस्ती झाली, खडूची रेघ आता महिन्यातून एकदा मारतात. पत्नी अजून रोज जाते. पडद्याच्या त्या कोपऱ्यावर ती नॅपकिन टाकते आणि वहीत मिनिटं लिहिते. शेजारच्या रकान्यात सकाळची साखर.

आता आपल्याला विनंती. आपलं वर्तमानपत्र आमच्या मजल्यावर सहा घरांत येतं आणि त्यात छापलेलं लोक खरं मानतात. ती चौकट पुन्हा छापा. प्रत्येक आकड्याशेजारी तो किती किलोच्या माणसाचा आणि कोणत्या वेगाचा, हे द्या. त्यात विश्रांतीचा खर्च धरलाय की वगळलाय, ते लिहा. ‘११५’ऐवजी ‘साधारण १००’ लिहिलं तरी कोणाचं नुकसान नाही. आणि ही दुरुस्ती आतल्या पानाच्या कोपऱ्यात न टाकता त्याच पुरवणीत, त्याच जागी यावी.

आपला,
एक निवृत्त वैधमापन निरीक्षक
लालबाग, मुंबई